परसातील शेड आणि नकाशा मंजुरी

शेड हेही बांधकामच

जुन्या दुचाकी, बागेची अवजारे किंवा इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या ठेवण्यासाठी परसात चार लोखंडी खांबांवर टिनाचे पत्रे टाकले, तर त्यासाठी कोणाला विचारण्याची गरज नाही, असा समज नागपुरात सर्रास आढळतो. कायदा तसे मानत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 नुसार जमिनीवर, जमिनीखाली किंवा जमिनीच्या वर केलेले कोणतेही बांधकाम हा ‘विकास’ असतो आणि त्याला नियोजन प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. इमारतीच्या व्याख्येत बांधकामाचे साहित्य गौण आहे. वीट, सिमेंट आणि पत्रा यांत भेद केलेला नाही. तात्पुरता मंडप किंवा ताडपत्रीचा निवारा वेगळा मानला जातो. रंगरंगोटी, गिलावा यांसारख्या देखभालीच्या कामांना परवानगी लागत नाही. पाया, खांब आणि कायमचे छप्पर असलेले शेड मात्र या सवलतीत बसत नाही.

नियमावली आणि कार्यालय

मुंबईसारखे काही अपवाद वगळता राज्यभर डिसेंबर 2020 पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. नागपूरही तिच्या कक्षेत येते. शहरात नागपूर महानगरपालिका आणि 1936 च्या कायद्याने स्थापन झालेला नागपूर सुधार प्रन्यास अशा दोन संस्थांचे अस्तित्व असल्याने नागरिकांचा गोंधळ होतो. उदाहरणार्थ, शहरातील रामदासपेठ ही वस्ती महापालिका हद्दीत आहे. तेथील नकाशा तपासण्याचे काम महापालिकेच्या नगररचना विभागाचे.

सामासिक अंतर

शेडच्या मंजुरीचा खरा प्रश्न आकाराचा नसून जागेचा असतो. इमारत आणि भूखंडाची सीमा यांमध्ये चारही बाजूंनी मोकळी ठेवायची जागा म्हणजे सामासिक अंतर, बोलीत ‘मार्जिन’. भूखंडाचे क्षेत्र, समोरच्या रस्त्याची रुंदी आणि इमारतीची उंची यांवरून ते ठरते. या पट्ट्यातून शेजारच्या खोल्यांना उजेड व वारा मिळतो, पावसाचे पाणी वाहते आणि आग लागल्यास अग्निशमन दलाला आत शिरता येते. म्हणून चौकीदाराची केबिन, पंपघर, मीटरची खोली, गॅरेज अशा मोजक्या गोष्टींनाच तेथे ठराविक मर्यादेत जागा मिळते. साठवणुकीचे शेड त्या यादीत बसवण्याचा प्रयत्न बहुधा फसतो. ते मार्जिनबाहेर घेतले, तर त्याचे क्षेत्रफळ चटईक्षेत्रात मोजले जाते. दाट वस्तीबाहेरील निवासी भागात मूळ चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या प्रमाणात करता येणारे बांधकाम, 1.10 आहे; घराने तो आधीच वापरला असल्यास शेडसाठी शिल्लक उरत नाही.

रामदासपेठेत हा प्रश्न अधिक टोकदार आहे. बंगल्यांच्या या वस्तीत आता रुग्णालये, दवाखाने आणि सदनिकांच्या इमारती उभ्या आहेत. जनरेटरचे शेड किंवा औषधांचे गोदाम मार्जिनमध्ये उभे राहिले, की वाहने उभी करण्याची जागा जाते आणि ती रस्त्यावर येतात. घराच्या परसातील शेडचा व्यावसायिक वापर सुरू झाल्यास बांधकामाबरोबर वापरातील बदलाचाही मुद्दा येतो. सदनिकांच्या इमारतीत मोकळी जागा सर्व सदनिकाधारकांची सामाईक असल्याने तळमजल्यावरील एकट्याची इच्छा पुरेशी ठरत नाही.

अर्जाचा प्रवास

अर्ज परवानाधारक अभियंता किंवा वास्तुविशारदामार्फत ऑनलाइन जातो. आखीव पत्रिका (भूखंडाच्या मालकीची नोंद), मोजणी नकाशा, पूर्वीचा मंजूर नकाशा आणि कर भरल्याची पावती ही त्यातील मुख्य कागदपत्रे. जमीन नझूलची (शासकीय मालकीची) किंवा प्रन्यासच्या भाडेपट्ट्यावर असेल, तर पट्ट्याच्या अटीही तपासल्या जातात. नागपुरात अशा जमिनी पुष्कळ आहेत. जुना मंजूर नकाशा सापडत नाही, ही सर्वांत मोठी अडचण ठरते, कारण मूळ घर नियमित असल्याचे सिद्ध झाल्याशिवाय त्याला जोडून नवे काही मंजूर करणे कठीण असते. छाननी शुल्क व विकास शुल्क भरल्यानंतर बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळते. ते एक वर्ष वैध असते आणि नूतनीकरणाने एकूण चार वर्षांपर्यंत वाढवता येते. 60 दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. पण नकाशा नियमांत बसत असेल तरच. 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांना प्रक्रिया बरीच सोपी आहे, मात्र जुन्या बंगल्यांचे भूखंड बहुधा त्याहून मोठे असतात.

नाग नदीची बाजू

23 सप्टेंबर 2023 रोजी अंबाझरी तलाव ओसंडल्यावर नाग नदीलगतच्या वस्त्यांत आणि रामदासपेठेच्या काही भागांत पाणी शिरले. नदीकाठ आणि वारंवार येणाऱ्या पुराची हद्द दाखवणारी निळी पूररेषा यांमधील पट्ट्यात नियमावली नव्या बांधकामाला मनाई करते. पाण्याची वाट अडवायला परसातील भिंतवजा शेडही पुरते, म्हणून अशा ठिकाणी पूररेषेचा नकाशा आधी पाहणे आवश्यक आहे.

परवानगीविना

अनधिकृत शेडला 1966 च्या अधिनियमाच्या कलम 53 खाली नोटीस येते. तिच्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो. कलम 52 मध्ये एक महिना ते तीन वर्षे कारावासाची आणि 2,000 ते 5,000 रुपये दंडाची तरतूद आहे. मालमत्ता करावर शास्तीही लागू शकते. लहान निवासी बांधकामांना तिच्यातून सूट आहे. कराची पावती ही मात्र मंजुरी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालात पाडकामापूर्वी किमान 15 दिवसांची नोटीस बंधनकारक केली. रस्ता, पदपथ, नदी अशा सार्वजनिक जागांवरील बांधकामांना हे संरक्षण नाही. नोटिशीने वेळ मिळतो, मार्जिनमधील शेड तिने वैध होत नाही.