विश्लेषण : ऑर्डर भरपूर, तरी हातात पैसा नाही? छोट्या व्यवसायाची पडद्यामागची घडी कशी बसवावी?

नाचणीचे पापड चांगले झाले, मुंबईकर नातेवाइकांनी ऑर्डरही दिल्या. पण महिनाअखेरीस किती उरले, ते सांगता येत नाही. घरगुती कामातून व्यवसायाकडे वळणाऱ्या अनेकांची गाडी इथेच अडते. पाटणसारख्या तालुक्यात तर पावसाळ्याचे चार महिने वाळवण बंद आणि बरेचसे गिऱ्हाईक मुंबई-पुण्यात. त्यामुळे पैसे, नोंदण्या, साठा आणि वसुली यांची व्यवस्था पहिल्या महिन्यापासूनच लावावी लागते.

नफा दिसतो, मग पैसा जातो कुठे?

समजा, महिन्यात ३० हजारांची विक्री झाली. कच्च्या मालाला १६ हजार, पॅकिंग आणि वाहतुकीला ५ हजार गेले. कागदावर नफा ९ हजार. पण विक्रीतले ६ हजार उधारीत असतील तर हातात ३ हजारच राहतात. त्यातून घरचा किराणा भरला, की पुढच्या महिन्याची नाचणी उसनवारीवर येते. म्हणून पहिले काम म्हणजे व्यवसायाचे वेगळे बँक खाते आणि वेगळा क्यूआर कोड. घरासाठी दरमहा ठरावीक रक्कमच काढावी आणि तिचीही नोंद करावी.

कोणत्या नोंदण्या लागतात?

‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती ऑनलाइन, आधारवर आधारित आणि पूर्णपणे मोफत आहे. तिच्यासाठी कुणाला पैसे देण्याची गरज नाही. खाद्यपदार्थ विकायचे तर ‘एफएसएसएआय’ची नोंदणी किंवा परवाना लागतो. कोणता, हे व्यवसायाच्या आकारावर ठरते. त्याचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. पाकिटावर घटक, निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख, वापराची मुदत, कमाल किंमत, उत्पादकाचा पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्कही हवा.

जीएसटी केव्हा लागतो?

महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. सेवांसाठी ही मर्यादा २० लाख आहे. मात्र करपात्र माल परराज्यात विकायचा असेल तर ही सवलत सहसा मिळत नाही. पापडावर जीएसटी नाही, बिस्किटांवर आहे. म्हणजे त्याच घरातून नाचणीचे पापड बेळगावला पाठवले तर एक नियम आणि नाचणीची बिस्किटे पाठवली तर दुसरा. नवा पदार्थ किंवा नवे गाव जोडण्याआधी कर सल्लागाराला विचारलेले बरे.

साठ्याची नोंद कशी ठेवावी?

एक साधी वही पुरते : तारीख, आलेला माल, गेलेला माल, शिल्लक. प्रत्येक घाण्याला क्रमांक द्यावा आणि तो पाकिटावर टाकावा. तक्रार आली तर तेवढाच घाणा परत मागवता येतो, सगळा माल नाही. आधी बनलेला माल आधी बाहेर जावा. पाटणच्या पावसात दमट हवेने माल लवकर खराब होतो. त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये किती विक्री होईल याचा अंदाज उन्हाळ्यातच बांधावा लागतो आणि तो मागच्या वर्षीच्या वहीतूनच निघतो.

‘लिज्जत’ची पद्धत काय सांगते?

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पुढे काम हजारो घरांत पोहोचले, तरी साखळी सोपी राहिली. केंद्रातून मळलेले पीठ घ्यायचे, घरी पापड लाटायचे, वाळवून केंद्रावर आणायचे. तिथे वजन आणि तपासणी होते व लाटणाऱ्या महिलेला मोबदला मिळतो. कुठल्या टप्प्यावर काय मोजायचे, हे ठरलेले असल्यानेच इतक्या घरांतल्या पापडाची चव एक राहते.

उधारी अडकली तर?

‘उद्यम’ नोंदणी इथे कामी येते. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. तक्रार सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे करता येते. पण त्यासाठी क्रमांक घातलेले बिल आणि माल पोचल्याची सही हवी. तोंडी व्यवहारात हक्क सिद्ध करणे अवघड जाते.

जिल्ह्यातला धडा कोणता?

सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्व भागात, म्हसवडला, १९९७ मध्ये चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण अनेक सभासद निरक्षर होत्या. महिलांनी लिहा-वाचायला शिकायला घेतले आणि व्याजाचा हिशेब यंत्राशिवाय करून दाखवतो, असे अधिकाऱ्यांना सांगितले. हिशेब त्यांना आधीपासूनच येत होता. परवान्यासाठी मात्र तो कागदावर उतरावा लागला.

आज काय करता येईल?

आठवड्यातून एक तास ठरवून वही, बँक खाते आणि उधारीची यादी जुळवावी. ऑर्डर फक्त व्हॉट्सॲपवर ठेवू नयेत. मोबाइल हरवला तर गिऱ्हाइकेही हरवतात. पुरवठादारांचे क्रमांक आणि पासवर्ड घरातल्या आणखी एका विश्वासू व्यक्तीला माहीत असावेत. सहा महिन्यांची अशी वही तयार झाली, की कर्जासाठी बँकेत जाताना सांगायला काहीतरी ठोस असते.