प्रयोगशाळेतली माणसं

दिव्याहून कुर्ला आणि तिथून कालिना. मुंबई विद्यापीठाच्या जीवशास्त्र प्रयोगशाळांचा हा रस्ता. तिथे नेमकं कोण काय करतं?

मार्गदर्शक प्राध्यापक संशोधनाचा प्रश्न ठरवतात, प्रकल्पासाठी निधी मिळवतात. प्रत्यक्ष प्रयोग बहुतेक वेळा पीएच.डी.चे विद्यार्थी करतात. नेट उत्तीर्ण होऊन कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळालेल्यांना 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात.

या सगळ्यांचा दिवस जिवाणूंच्या तालावर चालतो. ई. कोलाय हा जिवाणू 37 अंश सेल्सिअसला, भरपूर अन्न असेल तर, साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो. या वेगाने एका पेशीच्या सात तासांत वीस लाखांवर पेशी होतात. म्हणून विद्यार्थी ठरावीक वेळाने थोडं द्रावण काढून त्याचा गढूळपणा यंत्रावर मोजत राहतो. वाचन चुकलं की आलेखात खिंडार पडतं. मग घरी जायची लोकल सुटली तरी चालेल!

याआधीचं काम प्रयोगशाळा सहायकाचं. काचसामान आणि पोषक द्रावण तो ऑटोक्लेव्हमध्ये ठेवतो. हा मोठा प्रेशर कुकरच: दाबाखालची वाफ, 121 अंश, किमान 15 मिनिटं. नुसत्या उकळीला दाद न देणारे जिवाणूंचे बीजाणूही त्यात मरतात. निर्जंतुकीकरणात कसर राहिली, तर भलताच जिवाणू वाढतो आणि आठवड्याची मेहनत वाया जाते.

बारावीत जीवशास्त्र घेतलंय आणि डॉक्टर व्हायचं नाही? मग बी.एस्सी. आणि एम.एस्सी. करून या वाटेचा जरूर विचार करा.