स्टॉल घ्यावा की घरी बसून टाके घालावेत?

दिवाळी सरली की आमच्याकडे एकच विचारणा सुरू होते. "ताई, पुण्याला प्रदर्शन आहे म्हणतात, जावं का?" विचारणाऱ्या बहुतेक लोहारा-उमरग्याकडच्या, गोधड्या शिवणाऱ्या बाया. मधूनच तुळजापूरची कवड्यांच्या माळा ओवणारी एखादी, तेरच्या बाजूचा एखादा कुंभार. मी स्वतः गोधड्या शिवते आणि आमच्या गटातल्या बायकांच्या गोधड्या घेऊन मुंबई-पुण्याला जाते, म्हणून मला विचारतात. "जा की, चार लोक ओळखीचे होतील," असं सरसकट सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. ज्या वस्तूला दहा-दहा दिवस हात लागतो, तिच्यासाठी प्रदर्शनाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. तो एकदा नीट मांडावा म्हणून हे लिहिते आहे.

गोधडी म्हणजे काय, हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. खाली एक धड लुगडं अंथरायचं, त्यावर जुन्या कपड्यांचे थर, वरून पुन्हा चांगलं लुगडं किंवा रंगीत तुकड्यांची जोडणी. कडांना दगड ठेवून कापड ताणून घ्यायचं आणि कडेनं धावदोरा घालायला सुरुवात करायची. एक वेढा पुरा झाला की त्याच्या आत दुसरा, असं करत मध्यापर्यंत यायचं. घाईचं काम असेल तर दोन ओळींत बोटभर अंतर राहतं. मन लावून शिवणारी बाई ते गव्हाच्या दाण्याएवढं ठेवते. सगळे थर एकाच टाक्यात धरावे लागतात. सुई तळाच्या लुगड्यातून निघाली की नाही हे वरून दिसत नाही, खाली धरलेल्या हाताच्या बोटाला टोचतं तेव्हा कळतं. घरचं, रानातलं काम उरकून दुपारी बसणारी बाई मोठी गोधडी दहा-बारा दिवसांत उरकते. बारीक टाक्याची असेल तर महिना जातो.

कापडाला पूर्वी पैसे लागत नसत. घरातलं फाटलं की गोधडीत जायचं. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर आमच्या भागात मदतीच्या जुन्या कपड्यांचे गठ्ठे आले. त्यातलं जे अंगावर घालण्याजोगं नव्हतं, पत्र्याच्या शेडमध्ये बसून बायकांनी त्याच्या गोधड्या केल्या. आता घराघरांत पॉलिस्टरच्या साड्या. त्यावरून सुई सटकते, टाका बसत नाही आणि ते पांघरूण घाम शोषत नाही. विकायची गोधडी करायची तर सुती कापड विकत आणावं लागतं.

आता प्रदर्शनं. उमेद अभियानाचं महालक्ष्मी सरस दरवर्षी मुंबईत भरतं आणि बचतगटांची नावं जिल्ह्याकडून जातात. पुण्यात डिसेंबरात भीमथडी जत्रा असते. मुंबईत जानेवारी-फेब्रुवारीत नऊ दिवस काळा घोडा महोत्सव, १९९९ पासून सुरू असलेला. राज्याबाहेर जायचं तर हरियाणातला सूरजकुंड मेळा १९८७ पासूनचा, आणि दिल्लीत १९९४ साली उघडलेलं दिल्ली हाट. तिथे कारागिरांना पाळीपाळीनं पंधरा-पंधरा दिवसांचे स्टॉल मिळतात. त्यासाठी हस्तशिल्प विकास आयुक्तालयाचं कारागीर ओळखपत्र, म्हणजे पहचान कार्ड, जवळ असावं लागतं. ते प्रत्येक कारागिरानं काढून ठेवावं, कुठे जायचं असो वा नसो. याशिवाय शहरातल्या हॉलमधली खाजगी प्रदर्शनं वेगळी. सरकारी ठिकाणी जागेचं भाडं नसतं किंवा अगदी थोडं असतं. खाजगी ठिकाणी एका टेबलाचे हजारो रुपये आधी भरावे लागतात, आणि गर्दी झाली नाही तर आयोजकाचं काही जात नाही. एकदा एका खाजगी आयोजकानं आम्हाला दाराजवळची जागा कबूल करून जिन्याखाली बसवलं होतं. गिऱ्हाईक समोरच्या हॉलमध्ये फिरून परत जायचं, आमच्याकडे वळायचंच नाही. तेव्हापासून पैसे भरण्याआधी मी जागेचा नकाशा मागते आणि त्यावर आपल्या टेबलाला खूण करून घेते.

भाडं डोळ्यांत भरतं म्हणून सगळ्या जणी आधी भाडंच विचारतात. खरा खर्च मात्र मालात असतो. एक हिशेब करून पाहू. समजा, टेबलाचं भाडं ८,००० रुपये. दोघींचं जाणं-येणं, राहणं, जेवण ४,०००. दहा गोधड्या नेल्या आणि प्रत्येकी २,५०० प्रमाणे सगळ्या विकल्या गेल्या, म्हणजे गल्ला २५,००० रुपयांचा. गावात सगळे म्हणणार, चार दिवसांत पंचवीस हजार! त्यातून भाडं आणि प्रवासाचे १२,००० गेले. कापड-दोरा गोधडीमागे ४०० धरला तर आणखी ४,००० गेले. उरले ९,०००. दहा गोधड्यांना प्रत्येकी दहा दिवस, म्हणजे शंभर दिवसांचं काम. दिवसाला ९० रुपये पडले. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये रोज होती. आणि हे सगळा माल विकला गेला तरचं. तीन गोधड्या परत आल्या तर रोज किती पडला, ते ज्याचं त्यानं काढून पाहावं. शिवाय प्रदर्शनाचे आणि प्रवासाचे दिवस यात धरलेलेच नाहीत, आणि त्या दिवसांत सुई बंद असते.

नेण्या-आणण्याचाही विचार हवा. लातूर एक्स्प्रेस रात्री धाराशिवहून निघते आणि सकाळी मुंबईला पोचवते. तेवढी आमची सोय चांगली आहे. पण स्लीपरच्या तिकिटावर माणशी ४० किलो सामान फुकट नेता येतं आणि मोठी गोधडी सहज तीन किलो भरते. अंथरूण-पांघरूण, डबा, टांगायच्या काठ्या-दोऱ्या धरल्या तर एका बाईला दहा-बारा गोधड्यांपलीकडे नेणं जमत नाही. पापड-चटण्यांची पाकिटं त्याच वजनात कितीतरी बसतात आणि लोक उभ्या उभ्या घेतात. सरसला खाण्याच्या स्टॉलवर रांग असते, तेव्हा आमच्या बाजूला लोक कापडावरून हात फिरवत असतात. एका गटाचा पापडाचा अनुभव ऐकून गोधडीवालीनं निर्णय घेऊ नये.

आमच्या जिल्ह्यातला माल दूर जाणं काही नवं नाही. तेर म्हणजे जुन्या काळचं तगर. पहिल्या शतकाच्या सुमाराला ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्री व्यापाराच्या पुस्तकात त्याचं नाव आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं नगर, तिथून साधं कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जायची, अशी नोंद त्यात आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या काळच्या वस्तू ठेवल्या आहेत. तिथे उभी राहिले की मला विणकरांचा विचार येतो. गाड्या भडोचला न्यायला व्यापारी होते, वाटेतला धोका त्यांचा, भाव करणंही त्यांचं. आज स्टॉल घेणाऱ्या कारागिराला शिवायचं, बांधायचं, वाहायचं, मांडायचं, बोलायचं आणि उरलेलं परत आणायचं, हे सगळं एकट्यानं करावं लागतं. मधल्या माणसाला टाळून पैसे वाचतात हे खरं आहे. पण त्याचं काम आपण आपल्याच हाताचे दिवस मोडून करत असतो, आणि त्या दिवसांची किंमत कुणी धरत नाही.

मग जायचंच नाही का? जायचं, पण कशासाठी जायचं ते ठरवून. मला हे पुण्यातल्या एका प्रदर्शनात उमगलं. साठीच्या एक बाई दोनदा आमच्या टेबलापाशी येऊन गोधडी उलटी करून टाके बघून गेल्या. "हाताची की मशीनची?" एवढंच विचारलं. भावावर बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक इरकली लुगडं घेऊन आल्या. आईचं होतं. पदर विरलेला, काठ मात्र शाबूत. मी ते उजेडात धरलं, दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणून बघितलं. मध्ये सूत सुटत होतं, बाजूंनी टाका धरण्याइतका जीव होता. "मधला भाग आत घालते, काठ वर घेते, पदराचा चौकोन छातीवर येईल," असं म्हटल्यावर त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी आईबद्दल सांगायला सुरुवात केली. कमी करा, असं एका शब्दानं म्हणाल्या नाहीत. पुढे त्यांच्या दोन बहिणींच्या साड्या टपालानं आमच्या घरी आल्या.

गोधडी मुळात आपल्याच माणसांच्या कपड्यांची असते. विकत आणलेल्या कापडाची तयार गोधडी टेबलावर मांडली की तिची गाठ दुकानातल्या रजईशी पडते, आणि तिथे यंत्र जिंकणार. गिऱ्हाइकाच्या आजीच्या लुगड्याची गोधडी कुठल्याच दुकानात मिळत नाही. म्हणून आमच्यासारख्यांनी प्रदर्शनाला काम घ्यायला जावं. चार नमुने न्यावेत: एक बारीक टाक्याचा, एक साधा, एक बाळाचं दुपटं, एक अर्धवट शिवलेला. अर्धवट सगळ्यात महत्त्वाचा, कारण टेबलामागे बसून शिवणारी बाई दिसली की माणसं थांबतात. पाटीवर मोबाईल क्रमांक हवा, वहीत साडीचं वर्णन, आगाऊ रक्कम आणि तारीख.

आता हाच हिशेब पुन्हा करू. समजा, दहा जणांच्या साड्या मिळाल्या आणि शिलाई ३,५०० घेतली. ३५,०००मधून भाडं-प्रवासाचे तेच १२,००० वजा. दोऱ्याला प्रत्येकी १००, परत पाठवायला ३००, म्हणजे ४,००० गेले. उरले १९,०००, रोज १९०. अजूनही रोजगार हमीपेक्षा कमीच. पण पुढच्या वर्षी याच लोकांच्या ओळखीनं घरबसल्या दहा कामं आली तर १२,००० जात नाहीत आणि रोज ३१० पडतो. माझं म्हणणं एवढ्यावर उभं आहे. सावकाश होणाऱ्या कामाला प्रदर्शन परवडतं ते दुसऱ्या वर्षी, स्टॉल न घेता आलेल्या कामामुळे. वहीतल्या नावांपैकी वर्षभरात कुणाचाच फोन आला नाही, तर पहिल्या दिवशीचा गल्ला कितीही मोठा असो, ते प्रदर्शन आपलं नाही.

सगळ्यांना हे लागू नाही. तुळजापुरात माळा करणाऱ्या वहिनींना मी सांगते की मुंबईच्या हॉलमागे लागू नका. आराधी, गोंधळी, कर्नाटक-तेलंगणातून येणारे भाविक, नवरात्रापासून कोजागिरीपर्यंत चालत येणारी माणसं हे त्यांचं गिऱ्हाईक स्वतः दारात येतं. कवड्यांची माळ वजनाला हलकी, गळ्यात घालून माणूस घरी जातो. त्या दिवसांत दुकान बंद ठेवून शहर गाठणं म्हणजे हातचं सोडणं. २०२४ साली तुळजापूरच्या कवडीला आणि कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा उपयोग दारातल्याच दुकानावर, पाकिटावर, पाटीवर आधी करून घ्यावा. घोंगडी विकणाऱ्याची गोष्ट पुन्हा निराळी. येरमाळ्याला येडाईच्या चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत किंवा नळदुर्गच्या खंडोबाला पौषात त्याला जे गिऱ्हाईक भेटतं, त्याला घोंगडीची जात कळते. तिथे समजावून सांगण्यात दिवस जात नाही. कुंभाराला तर प्रवासातली फूट आधी मोजावी लागते. त्यानं न्यायचंच तर लहान, एकात एक बसणारं न्यावं आणि जवळच्या शहरात जावं.

बायका जेव्हा "जावं का" विचारतात, तेव्हा मी उलट विचारते: तुझ्या हातची वस्तू घेणारा माणूस त्या गावात राहतो का, आणि तो तुझ्यापर्यंत एरवी पोचू शकत नाही का? दोन्हीला हो असेल तर भाड्याची सोय करू. दोघींनी मिळून एक टेबल घेऊ, एक बोलेल, एक शिवेल. घरच्यांना आधी सांगून ठेवू की पहिल्या वर्षी हातात पैसे दिसणार नाहीत. हे शेवटचं फार गरजेचं आहे. हौसेनं गेलेली आणि मोकळ्या हातानं परतलेली बाई पुढच्या वर्षी घराबाहेर पडू दिली जात नाही, हे मी जवळून बघितलं आहे.

आयोजकांकडेही माझं मागणं आहे. अर्जावर किती हजार लोक येतात हे मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. त्याखाली एवढंच छापावं की मागच्या वर्षी आलेल्या कारागिरांपैकी किती जण यंदा पुन्हा येत आहेत. तो आकडा समोर असेल तर मी भाड्याबद्दल घासाघीस करणार नाही.