गुंठ्याने मोजलेले आकाश

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात, मराठवाड्यातल्या कुठल्याही गावासारखीच, जमिनीची गोष्ट एकरात सुरू होते आणि वाद गुंठ्यावर येऊन थांबतो. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद चौरस. १,०८९ चौरस फूट, मीटरमध्ये सांगायचे तर सुमारे १०१ चौरस मीटर. युरोपीय अवकाश संस्थेचा सेंटिनेल-२ उपग्रह याच शिवाराचे चित्र घेतो तेव्हा चित्रातला एक ठिपका १० मीटर लांब, १० मीटर रुंद असतो. म्हणजे जवळजवळ नेमका एक गुंठा. हा निव्वळ योगायोग आहे, पण कामाचा आहे. कोणता नकाशा कोणत्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो, हे गुंठ्याच्या हिशोबाने पाहिले की नकाशाशास्त्रातली दोनशे वर्षांची वाटचाल शेतकऱ्याला आपल्या भाषेत वाचता येते.

या वाटचालीचा पहिला टप्पा गुंठ्याच्या कितीतरी पलीकडचा होता. विल्यम लॅम्ब्टनने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून सुरू केलेले त्रिकोणांचे जाळे ७८ अंश रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरकत निजामाच्या मुलखात आले. १८१५ साली बिदरजवळ नवी पायारेषा मोजली गेली. पुढे नागपूरच्या वाटेवर, जानेवारी १८२३ मध्ये, लॅम्ब्टनचा हिंगणघाटला मृत्यू झाला. त्याची कबर तिथेच आहे. काम हाती घेतलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने पृथ्वीच्या आकाराचे जे गणित १८३० साली मांडले, त्यावर भारताचे नकाशे पुढे पावणेदोनशे वर्षे उभे राहिले. या मोजणीला कोणाचे शेत मोजायचे नव्हते. टेकडीवरून टेकडी दिसली, कोन मोजला आणि देशाचा सांगाडा तयार झाला.

या सांगाड्यावर भारतीय सर्वेक्षण विभागाने टोपोशीट, म्हणजे भूरूप दाखवणारे नकाशे, चढवल्या. ५० हजारास एक या प्रमाणाच्या टोपोशीटवर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, आणि आपल्या अक्षांशावर एका शीटमध्ये सातशे चौरस किलोमीटरहून अधिक मुलूख मावतो. २० अंश अक्षांश हिंगोली आणि वाशीम या शहरांच्या मधून जातो, म्हणून वाशीम ५५ क्रमांकाच्या शीटमालेत आणि हिंगोली ५६ क्रमांकाच्या. ७७ अंश रेखांश हिंगोली शहराच्या पश्चिमेने उतरतो, त्यामुळे हिंगोली ५६-ई मध्ये, तर सेनगाव ५६-ए मध्ये पडते. शीटवर समोच्च रेषा आहेत, विहिरी आहेत, देवळे आहेत. बारमाही पाणी निळ्या शाईत, कोरडे ओढे काळ्या शाईत. आपल्याकडच्या शीटवर काळ्या रेघा किती दाट आहेत, हे पाहिले तरी दुष्काळाची अर्धी कथा कळते. मात्र एक गुंठा इथे अर्ध्या मिलिमीटरचाही होत नाही. बांध या नकाशात शोधायचाच नाही.

बांध सापडतो तो महसुली नकाशात. हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमाबंदी झाली. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, आणि साखळी गुणिले साखळी म्हणजे गुंठा. त्या मोजणीचा वंशज असलेला गावनकाशा आजही भूमी अभिलेख कार्यालयात निघतो. त्याची ताकद अशी की तो मालकी सांगतो. त्याची उणीव अशी की पृथ्वीवर आपण नेमके कुठे आहोत, हे त्याला ठाऊक नसते. अक्षांश-रेखांश त्यावर नाहीत. कागद आकसतो, घडीवर फाटतो, आणि शेजारच्या दोन गावांच्या शिवा जोडायला गेले की मध्ये फट पडते किंवा एकमेकींवर चढतात.

मग आकाशातून पाहणे आले. १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा भारताचा पहिला कार्यकारी सुदूर संवेदन उपग्रह सुटला. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रही त्याच काळातले. त्या उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका साडेबहात्तर मीटरचा होता, म्हणजे सुमारे ५२ गुंठे, सव्वा एकराहून मोठा. त्यात तलाव दिसे, जंगल दिसे, शेत दिसत नसे. १९९५ च्या आयआरएस-१सी वरील लिस-३ कॅमेऱ्याने ठिपका साडेपाच गुंठ्यांवर आणला. २००५ साली कार्टोसॅट-१ अडीच मीटरवर आला. त्याचे सोळा ठिपके मिळून एक गुंठा होतो, म्हणजे जुन्या हिशोबातला एकेक आणा एकेका ठिपक्यात. तरीही दोन-अडीच फुटांचा बांध त्यात हरवतोच.

पण पीक ओळखायला बांध लागत नाही. हिंगोली हळदीचा जिल्हा. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हळद मे-जूनमध्ये लागते आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत रानात असते. ऑक्टोबरात सोयाबीन निघाले की नोव्हेंबरच्या चित्रात हळद हिरवी उरते आणि शेजारचे रान काळे दिसते. एका तारखेच्या चित्रावर जे कळत नाही, ते तारखांच्या माळेतून कळते. पिकांच्या सुदूर संवेदनाचे सूत्र हेच. अडचणी दोन. खरिपात महिनोन्महिने ढग असतात, म्हणून ढगांतून पाहणाऱ्या रडारकडे संशोधक वळले. सेंटिनेल-१ २०१४ पासून आहे, आणि इस्रो-नासाचा निसार ३० जुलै २०२५ रोजी सुटला. दुसरी अडचण सोयाबीनमधल्या तुरीची. एका ठिपक्यात दोन पिके असली की संगणक गोंधळतो. तिथे बांधावरची नोंदच लागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी ही अक्षांश-रेखांशासह शेतकऱ्याने दिलेली अशी नोंद आहे. ती प्रामाणिक असेल तितकेच उपग्रहाचे उत्तर प्रामाणिक.

पाण्याच्या बाबतीत जीआयएसचा, म्हणजे थरांच्या संगणकीय नकाशांचा, सर्वांत भरीव प्रयोग नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात झाला. मराठवाड्याचे सगळे जिल्हे त्यात होते. आयआयटी मुंबईच्या गटाने त्यासाठी पाण्याच्या ताळेबंदाचे प्रारूप केले. रोजचा पाऊस, मातीचा पोत आणि खोली, उतार आणि पीक हे थर एकमेकांवर ठेवायचे आणि किती पाणी वाहिले, किती मुरले, पिकाला किती कमी पडले, हे काढायचे. एकाच गावात माथ्यावरच्या मुरमाड रानाला आणि ओढ्याकाठच्या काळ्या रानाला सारखाच पाऊस मिळूनही तूट वेगळी येते, हे त्यातून आकड्यांत मांडता आले. गावाची एकच सरासरी काढून मदत वाटणाऱ्या पद्धतीला हे मोठे उत्तर आहे.

खडकाचे वाचनही आकाशातूनच सुरू होते. बेसॉल्टमधल्या लांब सरळ भेगा चित्रात ओळीने दिसतात, आणि विहिरीला पाणी कुठे लागेल याचा अंदाज त्यावरून बांधतात. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली परिसराला ४.५ तीव्रतेचे धक्के बसल्यावर अशा अभ्यासांची गरज वेगळ्याच कारणाने वाढली. औंढा नागनाथ तालुक्यात होऊ घातलेल्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेला तर काटेकोरपणाची परिसीमा हवी. तिच्या चार किलोमीटरच्या प्रत्येक बाहूत पृथ्वीची वक्रता सव्वा मीटरचा फरक पाडते, आणि लेसर वाकत नाही. नजरेला सपाट दिसणारे माळरान तिथे गणिताने सपाट करावे लागते.

एवढे थर हाताशी असताना खरी अडचण ते एकमेकांवर बसवण्याची आहे. एव्हरेस्टच्या जुन्या गणितातला अक्षांश-रेखांश तसाच मोबाइलच्या जीपीएसमध्ये टाकला, तर आपल्या भागात शंभर मीटरहून अधिक चुकतो. गावनकाशा संगणकावर ताणून उपग्रहचित्रावर बसवला की एका टोकाला जुळतो, दुसऱ्या टोकाला सरकतो. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे ५०० ला एक या प्रमाणात मोजली गेली. पुण्याजवळच्या सोनोरीतल्या प्रयोगापासून राज्यात ते काम सुरू झाले. पण शिवार त्या योजनेत नाही. शेताची हद्द आजही मोजणीदारालाच, आता साखळीऐवजी रोव्हर हे उपग्रहाधारित मोजणीयंत्र घेऊन, जागेवर कायम करावी लागते.

म्हणून या क्षेत्रातल्या पुढच्या संशोधनाकडून मागणी साधी असावी. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२१ च्या भू-स्थानिक धोरणाने नकाशांची कुलपे बरीच उघडली आहेत. आता पंचनामा, पीकविमा किंवा पाणलोटाचा जो नकाशा गावात येईल, त्याच्या कोपऱ्यात चित्राची तारीख आणि ठिपका किती गुंठ्यांचा, हे दोन तपशील छापलेले हवेत. साडेपाच गुंठ्यांच्या ठिपक्यावरून दोन गुंठ्यांतले नुकसान नाकारले गेले, तर ते ग्रामसभेत कोणालाही दाखवून देता येईल. त्यासाठी पदवी लागत नाही. गुंठा कळला की पुरे, आणि तो गोरेगावात सगळ्यांना कळतो.