प्रेस कार्ड कॉलेजात मिळत नाही

‘पत्रकार व्हाचं असन त पुन्याले जाय, नाई त दिल्लीले.’ बारावीचा निकाल लागला की विदर्भातल्या अनेक घरांत हा सल्ला ठरलेला. पुण्याला जायला हरकत नाही; पण नागपुरात हा विषय नवखा आहे, हा त्यामागचा समज साफ चुकीचा. नागपूर विद्यापीठाशी संलग्न हिस्लॉप कॉलेजात पत्रकारिता विभाग सुरू झाला तो १९५२ साली. तो उभा करायला अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वूल्सली इथे आले होते. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला विभाग त्यानंतरचा, १९६४चा. आज राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा स्वतःचा जनसंवाद विभाग आहे. दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेचंही केंद्र अमरावतीत आहे.

दुसरा समज असा: पदवी नसेल तर पत्रकार होताच येत नाही. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते. पत्रकाराला यातलं काहीच लागत नाही. २०१३ मध्ये प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी किमान पात्रता ठरवण्यासाठी समिती नेमली, वाद झाला, कायदा काही झाला नाही. वृत्तपत्राचं स्वातंत्र्य म्हणजे नागरिकाचंच अभिव्यक्तिस्वातंत्र्य, वेगळा हक्क नव्हे, ही भूमिका संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी मांडली होती. १९२० साली ‘मूकनायक’ काढणाऱ्या माणसाने ती मांडावी, याला वजन आहे.

मग शिकायचं कशाला? ‘माझं मराठी चांगलं आहे, निबंधात बक्षिसं मिळालीत,’ असं म्हणणाऱ्यांनी तर आधी शिकावं. निबंधाची सवयच आड येते. अपघाताची पहिली बातमी लिहायला सांगा. हमखास सुरुवात होते, ‘दिवसेंदिवस अपघातांचे प्रमाण वाढत असून प्रशासन मात्र झोपेत आहे.’ कुठे, कधी, किती जखमी, हे चौथ्या परिच्छेदात. शिक्षकाची लाल रेघ वरचं सगळं उडवते आणि उरतं ते: ‘वर्धा मार्गावर ट्रकची दुचाकीला धडक, दोघे जखमी.’ गुन्ह्याच्या बातमीत रेघ ‘मुसक्या आवळल्या’वर. अटक झालेला माणूस आरोपी असतो, गुन्हेगार नव्हे. मुसक्या वगैरे पोलिसांच्या कौतुकाची भाषा झाली.

कायद्याचा पेपर कंटाळवाणा वाटतो, पण बलात्कार पीडितेची ओळख छापली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नाव न छापता गाव, शाळा आणि वडिलांचा हुद्दा छापला, तरी ओळख उघड होतेच. माहिती अधिकाराचा अर्जही लिहून पाहावा लागतो. महाराष्ट्रात तो एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवायचा असतो. तक्रारीचा सूर लागला की शब्द तिथेच संपतात, मागायची कागदपत्रं राहून जातात.

‘मास कॉम म्हणजे टीव्हीवर अँकर’ हा समज फार वेळ देण्याजोगा नाही. शिकलेली बरीच मुलं जनसंपर्क, जाहिरात, रेडिओ, डिजिटल मजकुराकडे वळतात. पदवीसोबत नोकरीची हमी मात्र कुठलंही विद्यापीठ देत नाही.

नागपूरकर विद्यार्थ्याच्या हाताशी जे आहे, ते माहितीपुस्तिकेत सापडत नाही. १९५३च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे भरतं. मुंबई सोडली तर राज्यात दुसऱ्या शहराला हे भाग्य नाही. डिसेंबरात सिव्हिल लाइन्समध्ये सभागृह, बाहेर यशवंत स्टेडियमवर धरणे, टेकडी रोडवर अडवलेले मोर्चे. एखाद्या अंगणवाडी सेविकांच्या मोर्चासोबत दिवसभर पायी चालून पाहावं, निवेदन वाचावं, मग त्याच विषयावर मंत्र्याने काय उत्तर दिलं ते जुळवावं. शिवाय उच्च न्यायालयाचं खंडपीठही इथेच.

राहिलं प्रेस कार्ड. कॉलेजचं ओळखपत्र म्हणजे प्रेस कार्ड नव्हे, संपादकाने दिलेलं कार्ड म्हणजे सरकारी मान्यता नव्हे. अधिस्वीकृती पत्रिका माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून मिळते, तीही काही वर्षं काम केल्यावर. आणि ती खिशात असली, दुचाकीवर लाल अक्षरांत ‘प्रेस’ असलं, तरी हेल्मेट नसल्याचं चालान व्हरायटी चौकात फाटायचं ते फाटतंच.