तळाच्या संघाने काय करावे?

उत्तर अमेरिकेतील आइस हॉकी लीगमध्ये तळाच्या संघांना नवोदितांच्या निवडीत अग्रहक्क मिळत असल्याने, बाद फेरीसाठी झुंजावे की पराभव सोसून भविष्य साधावे, हा वाद तेथे रंगतो. रणजी करंडकात पराभवाला असे इनाम नाही, आणि ते योग्यच आहे, असे माझे ठाम मत! दोन्ही गोष्टी एकत्र साधता येतात, याचे उदाहरण जवळच आहे: आपला बुलढाणा जिल्हा जिच्या अखत्यारीत येतो, त्या विदर्भ क्रिकेट संघटनेने निवासी अकादमीत मुले घडवली, आणि त्याचबरोबर वसीम जाफरसारखा अनुभवी फलंदाज व चंद्रकांत पंडितांसारखा करड्या शिस्तीचा प्रशिक्षक आणून विजयाची ईर्षाही जागती ठेवली. रजनीश गुरबाणीच्या हॅट्‌ट्रिकने गाजलेल्या २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात कर्णधार फैज फजलच्या विदर्भ संघाने दिल्लीला नमवून प्रथमच करंडक जिंकला, पुढच्याच हंगामात सौराष्ट्राला हरवून तो राखला, आणि २०२४-२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर तिसऱ्यांदा मिळवला.