नदीकाठच्या वारसा उद्यानात आपला कामगार कुठे आहे?

वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर किल्ला, लेणी किंवा वाडा येतो. बंद पडलेली गिरणी, तिची चिमणी, तिला पाणी पुरवणारा कालवा हाही वारसा असतो. नदीकाठच्या अशा जागा न पाडता तिथे संग्रहालय आणि बाग करायची, याला औद्योगिक वारसा उद्यान म्हणतात. अशा उद्यानात कोणाची आठवण जपली जाते आणि कोणाची पुसली जाते, हा प्रश्न आंबेडकरी तरुणांनी विचारलाच पाहिजे.

लोवेलचा धडा

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात मेरिमॅक नदीकाठी लोवेल हे शहर आहे. १८२० च्या दशकापासून तिथे नदीचे पाणी कालव्यांतून वळवून कापडगिरण्या चालवल्या गेल्या. पुढे गिरण्या बंद पडल्या, शहराला उतरती कळा लागली. १९७८ मध्ये तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान स्थापन झाले. बूट मिलमध्ये जुने माग चालवून दाखवतात. तो कानठळ्या बसवणारा खडखडाट ऐकला की दिवसाचे बारा-तेरा तास त्यात उभे राहणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

तिथे मालकांच्या जोडीने कामगारांचाही इतिहास सांगितला जातो. खेड्यांतून आलेल्या तरुण मुलींनी १८३४ मध्ये मजुरीकपातीविरुद्ध आणि १८३६ मध्ये वसतिगृहाच्या भाडेवाढीविरुद्ध संप केले. या गिरण्यांचा कापूस दक्षिणेतल्या गुलामांच्या श्रमातून येत होता आणि इथले जाडेभरडे कापड पुन्हा त्याच गुलामांच्या अंगावर जात होते. ही अडचणीची गोष्ट लपवली नाही, म्हणून ते उद्यान नुसती बाग राहिले नाही.

आपल्याकडची अडचणीची गोष्ट

मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगार होते, पण विणखात्यात त्यांना प्रवेश नव्हता. तिथे मजुरी जास्त होती. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगारांना चालत नव्हता. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांसमोर ठेवला. मालकाशी लढणाऱ्या कामगारांमध्येच जात शाबूत होती, हे त्यांनी उघड केले.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणूनच राहतो. हमालाला स्टेशनमास्तरच्या घरातली कामे करावी लागतात, म्हणून त्याला हमालही होऊ देत नाहीत, हे त्यांनी तिथेच मांडले.

मुंबई महापालिकेने काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालयाचे काम हाती घेतले. दादरची इंदू मिल म्हणजे याच समूहातली क्रमांक ६ ची गिरणी. तिथे बाबासाहेबांचे स्मारक उभे राहत आहे. म्हणजे ती जमीन दोन अर्थांनी आपली आहे. काळाचौकीला विणखात्याचा बंद दरवाजा दिसला पाहिजे आणि इंदू मिलमध्ये गिरणी कामगारही दिसला पाहिजे.

जालन्यात काय करायचे?

मस्तगड आणि जुने-नवे जालना कुंडलिका नदीच्या आधाराने वसले. मनमाडला जोडणारी रेल्वे, सरकी-कापसाचा व्यापार, बियाणे उद्योग आणि भंगार वितळवून सळया बनवणारे पोलाद कारखाने ही या शहराची ओळख. ‘जालना सोने का पालना’ असे आपण अभिमानाने म्हणतो. पण पाळणा हलवणारे हात कोणाचे? जिनिंगमध्ये कापूस वाहणाऱ्या बाया, रुळांवरचे गँगमन, भट्टीसमोरचे परप्रांतीय मजूर, भंगार वेचणारी माणसे. त्यांची नोंद कुठल्या पाटीवर आहे?

उद्या कुंडलिकेच्या काठी असे उद्यान करायचे ठरले, तर आपली तयारी आधीपासून हवी.

पहिले, वस्तीतल्या ज्येष्ठांच्या मुलाखती मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा. कोणत्या खात्यात कोण होते, पाण्याचा माठ वेगळा होता का, मजुरी किती होती, हे नेमके विचारा.

दुसरे, जुनी ओळखपत्रे, पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनच्या पावत्या, फोटो रद्दीत देऊ नका. त्यांचे फोटो काढून विहारात एक प्रत ठेवा.

तिसरे, शहराचा विकास आराखडा जाहीर झाला की हरकती-सूचनांची मुदत असते. ती चुकवू नका. नदीकाठचे सुशोभीकरण म्हटले की पहिली नोटीस अनेकदा काठावरच्या गरीब वस्तीला येते. कामगारांच्या नातवंडांना उठवून कामगारांचे स्मारक होऊ शकत नाही. पुनर्वसन आधी, उद्यान नंतर, ही मागणी लेखी द्या आणि पोच घ्या.

ज्यांच्याकडे कागद असतो त्यांचा इतिहास पाटीवर लागतो. आपल्या आजी-आजोबांनी अंगमेहनत केली, कागद करायचे काम आपले आहे.

जय भीम!